सातवा, बाविसावा, सदतिसावा

या, असे जवळ या. तो मृदंग जरा भिंतीकडे सरका म्हणजे तुम्हाला टेकायला जागा होईल. कीर्तनाला अजून अवकाश आहे. बुवांची गाडी कनेरगाव नाक्यावर चहाला थांबली असणार, आणि बुवांचा चहा म्हणजे निम्मं कीर्तन तिथंच. तोवर एक गोष्ट सांगतो. चोरीची आहे. बत्तीस वर्षं पोलिसात काढली, जमादार म्हणून सुटलो. पण चोर पकडल्यावर त्याच्याच पायावर डोकं ठेवलं, असं एकदाच झालं.

१

सन दोन हजार सहाचा श्रावण. औंढ्याकडचा एक सप्ताह वाजवून मी परतत होतो. सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला, दोन ओढ्यांच्या मधे एक लहानसा दवाखाना आहे. गुरुवारी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला तिथं उतरलो आणि मागचा ओढा चढला. तासाभरात पुढचाही चढला. धरणाची दारं उघडलेली, नदी तुडुंब. ती ओढ्यांचं पाणी आत घेईना, म्हणून ते फुगून उलटं शेतांत शिरत होतं. डॉक्टर उत्तमराव हिंगोलीला गेले होते, ते तिकडंच अडकले. फोन बंद. आत आम्ही सहा माणसं.

खाटेवर जगन. तांड्यावरचा, वय चौतीस, हृदय निकामी होत चाललेलं. बाहेर ओढ्यांचं जे चाललं होतं तेच त्याच्या छातीत: हृदय रक्त पुढं ढकलेना, म्हणून पाणी मागं फुप्फुसात साचायचं. त्याला आडवं होता येत नसे. पाठीशी तीन उशा घेऊन तो दिवसरात्र बसलेला. त्याच्याजवळ बायको शिला आणि थोरला भाऊ रूपसिंग. नर्स सपना. आणि साखरा गावचा प्रज्ञेश, मोठ्या संस्थेत संशोधन करणारा. त्याची आई कमलबाई ह्याच दुखण्यानं बसल्या-बसल्या गेली; तेव्हापासून त्यानं हाच विषय धरला होता.

दक्षिणेतल्या एका इस्पितळात हृदयाला जोडायचा छोटा पंप बसवून पाहणार होते. मुठीत मावेल एवढा. आधी प्रत्येक रोग्याचे चाळीस दिवसांचे आकडे घ्यायचे, त्यावरून संगणकात त्याच्यासारखंच हृदय उभं करायचं आणि तिथं पंप चालवून बघायचा. तो तिथं नीट चालला तरच माणसाचं नाव यादीत. चाळीस दिवसांची वही प्रज्ञेशनं शनिवारी जीपनं पाठवायची होती, सोमवारी यादी ठरणार होती. मूळ वही नसेल तर नाव नाही.

शुक्रवारी सकाळी साडेअकराला धरणाचा भोंगा वाजला. पाणी कुठवर आलं ते बघायला सगळे ओढ्याकडं धावले. मीही गेलो. बाराला परतलो. सपनानं जगनची बाराची नाडी घेतली, पाटीवर लिहिली. साडेबाराला प्रज्ञेश संगणकाच्या खोलीतून बाहेर आला.

"काका," तो म्हणाला, "वही नाही."

२

दवाखान्यात पाणी शिरलेलं नाही, माणसं ओढ्यापलीकडं गेलेली नाहीत. म्हणजे ती ह्याच छपराखाली होती. कपाटं पाहिली, पिशव्या पाहिल्या, रूपसिंगच्या मोटारसायकलची पेटी उघडून पाहिली. आजाऱ्याला तेवढं कुणी हात लावला नाही. त्याला हलवायचं म्हणजे धापेचं भूत उठवायचं.

मी रूपसिंगला ओसरीत बसवलं. शर्ट ओला, चपलांना चिखल.

"जमादार, माझ्यावरच काहून डोळा?"

"काल तूच म्हणालास, भावाला धाडणार न्हाई."

"म्हणलो व्हतो. आजबी म्हणतो. हे पोरगं सांगून राहिलं का त्या पंपानं रक्त सारखं वाहते, ठोके पडत न्हाईत, हातात नाडी लागत न्हाई. मंग सांगा, नाडी नसलेला माणूस जिता का मेला? उद्या तांड्यात कोणी ह्याचा हात धरंल अन् म्हणंल, चला, लाकडं आणा. हा आपला बसून चहा पिऊन राहिला."

मला हसू आलं, पण त्याला आलं नाही.

"वही तू घेतली?"

"घेतली असती तर ओढ्यात फेकली असती. लपवत बसलो असतो काय?"

हे मला पटलं. ओढा दहा हातांवर असताना वही लपवणारा माणूस ती नष्ट करू इच्छित नव्हता, किंवा ओढ्यापर्यंत जाऊ शकत नव्हता. हा दुसरा विचार आला आणि मीच तो बाजूला सारला. तिथं चुकलो.

सपना म्हणाली, ती मधेच छत्री घ्यायला आली होती. "दारातूनच घेतली, काका. आत न्हाई आले." बोलताना ती फरशीकडं बघत होती.

"जगन काय करत होता?"

"दिसले न्हाईत. खाट आतल्या कोपऱ्यात आहे ना."

मग शिला. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून उभी. दुसरीपर्यंत शिकलेली. यंत्रावर दिसतील तसे आकडे ती वहीत उतरवायची आणि जगननं प्यालेल्या प्रत्येक फुलपात्राला एक रेघ मारायची. दिवसाला लिटरभर पाणी, म्हणजे पाच फुलपात्रं, पाच रेघा. जास्त नाही, कमी नाही. डॉक्टरांचा तसा हुकूम.

"वही न्हाई सापडली तर ह्यांचं नाव जाईल, व्हय?"

"जाईल."

ती जायला वळली. मग हळूच म्हणाली, "अन् सापडली तर?"

३

मी उलट काही विचारायच्या आत ती निघून गेली. दारातून निघालो तो ओसरीत एका स्टुलाला अडखळलो. गुडघ्याला लागलं. "हे मधेच कुणी ठेवलं," म्हणून ते भिंतीला सारणार होतो. जुन्या सवयीनं हात आवरला. जिथली वस्तू तिथं राहू द्यावी.

प्रज्ञेश संगणकासमोर डोकं धरून बसला होता. वीज गेलेली, बॅटरीवर चाललं होतं.

"किती वेळ चालेल?"

"दीड तास. फार तर."

"मग मला अडाण्याला दाखव, ह्यात काय आहे ते."

त्यानं दाखवलं. पडद्यावर एक रेघ डुलत होती. "हा संगणकातला जगन, काका. हे त्याचं हृदय, हा पंप. पंप हळू फिरला तर फुप्फुसात पाणी साचतं. फार जोरात फिरला तर हृदयातलं रक्त संपतं आणि हृदयाची भिंतच पंपाच्या तोंडाला चिकटते."

"विहिरीचं पाणी संपल्यावर मोटार चालू राहावी तसं."

"अगदी तसंच. म्हणून कधी वेग वाढवायचा, कधी कमी करायचा हे पंपाला शिकवावं लागतं. मी शिकवलंय, आतल्या हृदयाची नाडी वाढली की माणूस श्रम करतोय, तेव्हा वेग वाढव. सदतीस दिवस उत्तम चालतं. तीन दिवस बघा."

रेघेत तीन खड्डे होते. खोल.

"ह्या तीन दिवशी पंप कोरडा पडतो. माणूस मरेल असा. का, ते कळत नाही. नाडी वाढलेली, रक्तदाब उतरलेला, वजन एका रात्रीत दीड किलो कमी. पाणी मात्र रोजच्याइतकं, लिटरभर. हे चारही आकडे एकत्र खरे असूच शकत नाहीत. आज सकाळी जगनभाऊंच्या खाटेजवळच मी सपनाताईंना म्हणालो, संध्याकाळी वही आणि संगणक ताडून बघू."

दारात सपना उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक.

"वही न्हाई घेतली मी," ती म्हणाली. "पण पाण्याचे आकडे मी भरले. तीन दिवस रेघाच नव्हत्या, काका. रकाना कोरा सोडला तर मशीन पुढं जात न्हाई. म्हणलं, शिलावैनी विसरल्या असतील, डॉक्टरांनी लिटर सांगितलं म्हणजे लिटरच पिले असतील. टाकला हजाराचा आकडा. आपल्या इथं समदीकडंच असं भरतात."

मी विचारलं, "ते दिवस कोणते?"

"एक जुलैपासून मोजले तर सातवा, बाविसावा आणि सदतिसावा," तो म्हणाला.

मधे पंधरा, आणि पुन्हा पंधरा. मृदंग्याच्या बोटांना मोजणी सांगावी लागत नाही. काहीतरी समेवर येत होतं आणि मला ते ऐकू येत नव्हतं.

४

औषधांच्या कपाटावर दिनदर्शिका टांगलेली होती. चष्मा लावून बोट फिरवलं. सात जुलै, द्वादशी. बावीस जुलै, द्वादशी. सहा ऑगस्ट, द्वादशी.

बारस. पण माझं मन मानेना. बारशीला उपास सुटतो. त्या दिवशी माणूस पोटभर खातो-पितो. मग वजन घटेल कसं? आदल्या दिवसाचं काही असतं तर गोष्ट वेगळी.

"प्रज्ञेश, आकडे किती वाजता घ्यायचे?"

"सकाळी सहाला. उठल्या-उठल्या, पाण्याचा घोटही घेण्याआधी. आदल्या दिवसाच्या पाण्याच्या रेघाही त्याच तारखेखाली."

बारशीच्या सकाळी सहाला, उपास सोडण्याआधी, यंत्र जे मोजत होतं ते एकादशीचं शरीर होतं. निर्जळ एकादशीचं. लघवीच्या गोळ्या चालू आणि पाण्याचा थेंब नाही. प्रज्ञेश आणि सपना दोघंही बौद्ध घरातले. त्यांच्या घरी एकादशी पाळत नाहीत, त्यांना ती तिथी दिसणार कशी? माझ्या घरात ती महिन्यातून दोनदा येते, आणि मलाही दिसायला दुपार झाली.

"ह्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर आलं," प्रज्ञेश म्हणाला. "चोराचं नाही आलं."

"तेही आलंय. ये माझ्याबरोबर, आणि मोजत ये."

जगनच्या खाटेपासून संगणकाच्या टेबलापर्यंत मी पावलं टाकली. बावीस भरली.

"सपनाताई, काल जगनला चालवून पाहिलंत. किती चालला?"

"आठ पावलं. मग बसवावं लागलं."

"आता त्या स्टुलापासून त्याच्या खाटेपर्यंत मोजा."

ती मोजत गेली. खाटेशी येऊन थांबली. "आठ."

स्टूल रोज जगनच्या खाटेशी असायचं, त्यावर त्याचं फुलपात्र. आता फुलपात्र खाली फरशीवर होतं. मी पाटी दाखवली. बारा वाजता नाडी एकशे अठरा, रोजची अठ्ठ्याऐंशी. सपनाला वाटलं होतं, वही गेल्याचा धसका. पण वही गेल्याची ओरड साडेबाराला झाली. बाराला धसका कसला?

सगळे ओढ्याकडं धावले तेव्हा तो उठला. स्टूल पुढं ढकलत आठ पावलं, बसला. पुन्हा आठ, बसला. उरलेली सहा. येतानाही तसाच, आणि शेवटच्या आठ पावलांना त्याच्यात स्टूल ओढायचा जीव उरला नाही. ते तिथंच राहिलं.

ज्याच्यासाठी आम्ही वही शोधत होतो, त्यानंच ती नेली होती.

५

मी खाटेच्या कडेला बसलो. कुणाला बोलू दिलं नाही. खुंटीला त्याची तुळशीची माळ टांगलेली होती. हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायची म्हणून सपनानं उतरवून ठेवलेली.

"जगन, टाळ सोडून किती दिवस झाले?"

"दीड वरीस." दोन शब्दांमधे त्याला श्वास घ्यावा लागे.

"आणि एकादशी?"

त्यानं शिलाकडं पाहिलं. तिनं मान हलवली: मी नाही सांगितलं.

मग तो पुढं वाकला. तीन उशांतल्या मधल्या उशीच्या खोळीत वही होती. उबदार झालेली, त्याच्या अंगानं.

"काका, उभं राहवंना. टाळ उचलंना. तोंडातून अभंग निघंना. समदं एकेक करून गेलं. हा उपास तेवढा... माझ्या हातात राहिला व्हता. पंपाच्या नियमाच्या कागदावर लिहिलंय... पथ्य न पाळणारा बाद. ह्या प्रज्ञेशभाऊंनी वाचून दाखवलं व्हतं. वही न्हाई सापडली तर... म्हणलं... पुन्हा चाळीस दिस मोजतील."

पुन्हा मोजायला वेळ नव्हता, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी वाकलो आणि त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

रूपसिंग उठला. आता तोच घाईला आला. "मंग त्यात काय एवढं? पंधरा रेघा मारायच्या. पेन आणा."

खरं सांगतो, माझाही हात खिशातल्या पेनाकडं गेला. वही नाही पाठवली तर नाव जाणार. आहे तशी पाठवली तर पथ्य मोडलं म्हणून जाणार. रेघा मारल्या की सुटका. पंधरा रेघा.

बोलली ती शिला. "मला मारायच्या असत्या तर तवाच मारल्या असत्या, भाऊजी. ह्यांनी पाणी पेलं न्हाई, मी पेलं कसं लिहू? सांगू नको म्हणून शपथ घातली, सांगितलं न्हाई. पण रेघ खोटी कशी मारू?"

"ताई बरोबर बोलतात," प्रज्ञेश म्हणाला. "खोट्या रेघांवर पंप शिकला, तर तो खोट्या जगनला वाचवेल. खरा जगन पहिल्या एकादशीला मरेल."

तो संगणकाकडं पळाला. बॅटरीची पंचवीस मिनिटं उरली होती. तिन्ही एकादश्यांना त्यानं पाणी शून्य टाकलं. रेघ फिरली आणि संगणकातल्या जगनचं वजन खऱ्या जगनच्या वजनावर जाऊन बसलं. त्याचं गणित आधीपासून खरं होतं. पंपाला शिकवलेलं चुकलं होतं. नाडी वाढली की श्रम, असं तो धरून चालला होता. पाणी आटल्यावरही नाडी वाढते, आणि तेव्हा पंप वेग वाढवून उरलंसुरलं ओढून घेई.

"दोन्हींतला फरक त्याला कळणार कसा?" तो स्वतःशीच म्हणाला.

मी विचारलं, "आतलं हृदय थोडं तरी हलतं ना? त्याची थाप पंपाला लागते?"

"लागते. प्रवाहात थोडी लहर येते."

"मग सोपं आहे. गाणाऱ्याचा आवाज भरला की मृदंगी लय वाढवतो. गाणारा घाई करतोय पण आवाज पातळ पडलाय, तर त्याचा दम संपलाय. तिथं लय उतरवायची. नुसती घाई ऐकायची नाही, थाप भरीव आहे की पोकळ ते ऐकायचं."

तो लगेच टाइप करू लागला. नाडी जलद आणि लहर भरीव, तर वेग वाढव. नाडी जलद आणि लहर पोकळ, तर कमी कर. चाळीस दिवस पुन्हा चालवले. सातव्या दिवशी रेघ खाली आली, थबकली, आणि सावरली. बाविसावा सावरला. सदतिसाव्याला बॅटरी किंचाळत होती. तोही सावरला. कागद छापून निघाला आणि पडदा काळा झाला.

६

शनिवारी सकाळी ओढा उतरला. वही गेली, तीन कोरे दिवस तसेच ठेवून. सोबत प्रज्ञेशचं पत्र, आणि सपनाचंही: आकडे कुणी भरले आणि का भरले. तिच्याकडं ते कुणी मागितलं नव्हतं.

जीप यायच्या आधी मी जगनशी एक तह केला.

"तीर्थानं उपास मोडत नाही, बरोबर?"

"न्हाई मोडत. पण तीर्थ पळीभर असते, काका."

"पळी केवढी असावी, हे मला तरी कुणी दाखवलेलं नाही. एकादशीला पाच फुलपात्रं, तुळशीचं पान टाकून. उपास मोडल्याचं पाप लागलं तर माझ्या नावावर."

तो दीड वर्षांत पहिल्यांदा हसला, असं शिला म्हणाली. हसण्यानं त्याला धाप लागली, आणि आम्ही सगळे दोषी चेहरे करून बसलो.

यादीत त्याचं नाव लागलं. कोऱ्या दिवसांमुळे गेलं नाही. उलट पंप त्या दिवसांतून तरला म्हणूनच लागलं, असं पत्रात होतं. बोलावणं मार्गशीर्षाचं होतं. रूपसिंगनंच बॅग भरून ठेवली होती. नाडी न लागणाऱ्या भावाची ओळख तांड्याला कशी करून द्यायची, त्याचं भाषणही त्यानं पाठ केलं होतं. जगन कार्तिकात गेला. बसल्या-बसल्याच, तीन उशांना टेकून. शिलाच्या नव्या वहीत त्या दिवसापर्यंत पाच-पाच रेघा होत्या, एकादशीला धरून. शेवटच्या दिवशी दोन.

प्रज्ञेश अधूनमधून साखऱ्याला येतो. त्यानं सांगितलं, पंप बसवण्याआधी आता प्रत्येक रोग्याच्या संगणकी हृदयावर ते तीन निर्जळ दिवस घालून बघतात. त्या परीक्षेला काहीतरी आकड्यांचं नाव आहे. जगनचं नाव कुठंच नाही.

बुवांची गाडी आली वाटतं, दिवे दिसतात. चला, मृदंग सुरात लावू द्या. एवढंच मागणं आहे. येत्या बारशीला उपास सोडताना पाण्याचा पहिला घोट घ्याल, तेव्हा गिळण्याआधी एक क्षण थांबा, आणि तांड्यावरच्या जगन किसनसिंगाची आठवण काढा.